अकरा बाटल्यांत सात-सात

विद्याधर परुळेकरला माणसांचा राग फारसा येत नसे. नीटनेटक्या आकड्यांचा येई. तीस वर्षं औषधांच्या चाचण्यांची गणितं मांडून त्याचं एक मत पक्कं झालं होतं, की खरी माणसं वेंधळी असतात. ती गोळी घ्यायला विसरतात, बाटली मोरीच्या खिडकीत ठेवतात, गावाला जाताना घरीच टाकून जातात. महिन्याने हॉस्पिटलात उरलेल्या गोळ्या मोजल्या की कुणाकडे तीन निघतात, कुणाकडे एकोणीस. असा पसारा दिसला की विद्याधरला बरं वाटे. आणि त्या मंगळवारी चकाल्याच्या ऑफिसात, निवलेल्या चहाशेजारी, त्याच्या स्क्रीनवर घाटकोपरच्या अकरा बायका होत्या आणि पहिल्या महिन्याअखेर अकराही जणींच्या बाटलीत सात गोळ्या उरल्या होत्या.

दुसऱ्या महिन्याअखेर अकराही जणींच्या नऊ. तिसऱ्या महिन्याअखेर सहा.

"झालं," तो स्वतःशीच म्हणाला आणि चष्मा काढून डोळे चोळत बसला. आता फोन, पत्रं, बैठका, खुलासे. नुसत्या विचारानेच त्याचे खांदे दुखायला लागले.

चाचणी गुडघेदुखीच्या गोळीची होती. उपनगरांतली पाच हॉस्पिटलं, दोनशे चार रुग्ण, सहा महिने. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना दिसायला तशीच पण आत औषध नसलेली. कुणाला कुठली ते संगणक चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवतो, आणि शेवटपर्यंत ते रुग्णाला, डॉक्टरला, अगदी विद्याधरलाही कळत नाही. शेवटी यादी उघडायची, दोन गटांचं दुखणं किती कमी झालं ते ताडून बघायचं आणि गोळीत काही राम आहे की नाही ते सांगायचं.

दोनशे चार हा आकडा विद्याधरचा. तो आभाळातून पडला नव्हता. खरी गोळी घेणाऱ्यांचं दुखणं शंभरात दहा गुणांनी जास्त उतरेल, असं त्याने धरलं. माणसामाणसांच्या दुखण्यात केवढी तफावत असते ते जुन्या अभ्यासांवरून धरलं. त्यावरून एकशे ब्याऐंशी माणसं आली. दहातला एक मध्येच सोडून जातो असं धरलं, आणि दोनशे चार झाली. फरक दहाऐवजी पाचच गुणांचा असेल, तर तो दिसायला माणसं दुप्पट नव्हे, चौपट लागतात. हे त्याने नव्या पोरापोरींना इतक्यांदा शिकवलं होतं की आता शिकवताना त्याला स्वतःलाच जांभई येई. त्याच कागदाच्या तळाशी आणखी एक ओळ होती: 'प्रत्येक रुग्ण इतर रुग्णांपासून स्वतंत्र आहे, असे गृहीत धरले आहे.' ही ओळ तो वीस वर्षं मागच्या कागदातून उचलून पुढच्या कागदात चिकटवत आला होता. ती कुणी वाचत नसे, तोही वाचत नसे.

प्रीतम त्याचा साहेब. वयाने विद्याधरच्या मुलीपेक्षा दोन वर्षांनी मोठा, पण माणूस वाईट नव्हता. साठी उलटलेल्या विद्याधरला एकेक वर्षाच्या करारावर त्यानेच ठेवून घेतलं होतं. त्याने स्क्रीनकडे अर्धा मिनिट पाहिलं.

"घाटकोपरला कोऑर्डिनेटर कोण आहे, सर?"

"माधुरी शेजवळ."

"मग सिंपल आहे. बाईने मोजलंच नाही, खुर्चीत बसून आकडे भरले. वाट लावली यार तिने."

"अजून सिद्ध कुठे झालंय?"

"अकरा बाटल्या, तीन महिने, सेम टू सेम. अजून काय सिद्ध पाहिजे? असं योगायोगाने होत नाही, हे तुम्हीच शिकवलंत ना मला?"

ते खरं होतं.

प्रीतमने बोटांवर हिशेब केला. "तिला काढू, तिच्या त्या अकरा बायका काढू. दोनशे चारातनं अकरा गेल्या, राहिले एकशे त्र्याण्णव. तुम्हाला लागतात एकशे ब्याऐंशी. मस्त बसतंय! तुम्ही फक्त दोन ओळी लिहून द्या, की नोंदी बनावट वाटतात. बाकी मी बघतो."

दोन ओळी म्हणजे विद्याधरचं पाच मिनिटांचं काम. माधुरी शेजवळचं मात्र चौदा वर्षांचं काम त्या दोन ओळींत बुडणार होतं. ह्या धंद्यात मुंबई फार लहान आहे. एकदा नावापुढे 'बनावट' लागलं की बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत कुठलंच हॉस्पिटल त्या बाईला दारात उभं करत नाही. विद्याधरने तिला दोनदाच पाहिलं होतं. बैठकीत शेवटच्या खुर्चीवर बसून सगळं लिहून घेणारी, चाळिशीची, सदा दमलेली बाई. त्याने दोन ओळी लिहिल्या आणि लगेच न पाठवता तशाच ठेवल्या. पाठवण्याआधी समोरच्या माणसाला विचारायचं असा नियम होता, म्हणून त्याने फोन लावला.

माधुरीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सर, मी एकेक बाटली ट्रेमध्ये ओतून मोजते. सात होत्या म्हणून सात लिहिलं."

"अकराच्या अकरा जणींच्या?"

"मलापण विचित्र वाटलं. पण मग काय करायला हवं होतं? तुम्हाला बरं वाटावं म्हणून एकीच्या आठ लिहायला हव्या होत्या का?"

विद्याधरने स्क्रीनवरची सातांची ओळ पुन्हा एकदा खालपर्यंत वाचली.

"मी विचारलं त्यांना, तर नुसत्या हसतात," ती म्हणाली. "सर, तुम्ही एकदा माझ्याबरोबर डोंगर चढा. त्या सगळ्या असल्फ्याच्या एकाच गल्लीतल्या आहेत. उद्या सकाळी सातला मेट्रोच्या जिन्याखाली या. पाण्याची वेळ असते, सगळ्या एका जागी सापडतील. तुम्ही विचारा. मग माझ्याबद्दल काय लिहायचं ते लिहा."

रुग्णांची नावंगावं कळून न घेणं हाही त्याच्या कामाचा एक नियम होता. तो मोडायचा म्हणजे आणखी एक खुलासा. तरी तो हो म्हणाला. उत्साह कसला नव्हता; दोन ओळी पाठवल्या तरी त्या सात गोळ्या डोक्यातून जाणार नाहीत, एवढं त्याला कळत होतं.

असल्फ्याच्या डोंगरावर त्या गल्लीला एकशे बारा पायऱ्या होत्या. विद्याधर त्या मोजत चढला, कारण मोजलं की दम लागल्याचं कमी कळतं. त्याचा स्वतःचा डावा गुडघा कटकट करत होता. पन्नासाव्या पायरीपाशी एक सपाट जागा होती आणि तिथे भिंतीला एका ओळीत अकरा नळ. वरच्या अकरा घरांचे अकरा नळ, पण पाणी त्याच्या वर चढत नाही, म्हणून इथेच. त्यातल्या तीन नळांना पाणी होतं, बाकीचे नुसते फुसफुसत होते. तरी भांडण नव्हतं. बायका वाहत्या तीन नळांखाली हंडे लावत होत्या, दोन भरले की बाजूला होत होत्या. साठीची एक किडकिडीत बाई कमरेवर हंडा घेऊन वर निघाली होती आणि वाटेतच थांबून खालच्या बायकांना दम देत होती.

"गो, शांताबाईचो एकच झालो! तिका अजून एक भरूक दे!"

"ही शेवंतीकाकी," माधुरी म्हणाली. "अकरातली पहिली. तिच्यामुळेच बाकीच्या आल्या."

विद्याधरने जवळच्या बाईला विचारलं, "हे वाहतायत ते नळ कुणाचे?"

"मधला माझा," ती म्हणाली. तिचं नाव राधा ओव्हाळ, तीही अकरातलीच. "आज माझ्या नळाला आलंय. उद्या कोणाच्या येईल त्याचा काय नेम नाही ना. म्हणून ज्याच्या नळाला येईल ते सगळ्यांचं. घरटी दोन हंडे. मग टाइम उरला तर तिसरा."

"आणि तुमच्या नळाला रोज आलं तर?"

राधाला प्रश्नच कळला नाही. "तर रोज सगळ्यांना मिळेल," ती म्हणाली.

शेवंतीचं घर सगळ्यात वर. विद्याधर पोचला तोवर तिने हंडा उतरवून, चहा टाकून, दारात चटई घातली होती. परुळेकर आडनाव ऐकलं तशी ती खुलली. "परुळ्याचे काय तुमी? माझा म्हायेर म्हापणाचा. मग येवा, बसा. आपलोच माणूस."

आपल्याच माणसाला सांगायला काय हरकत, म्हणून असेल किंवा त्यात लपवण्यासारखं काही आहे असं तिला वाटलंच नव्हतं म्हणून असेल, गोळ्यांबद्दल विचारताच ती उठली आणि मांडणीवरून स्टीलचा एक मोठा डबा काढून त्याच्यापुढे ठेवला. पूर्वी त्यात चकल्या असाव्यात. आता तळाशी पाच पांढऱ्या गोळ्या होत्या.

"माधुरीन सगळा नीट समजावल्यान," शेवंती म्हणाली. "अर्ध्यांक खरी गोळी, अर्ध्यांक खोटी. कोणाक खंयची ता डॉक्टराकपण ठावक नाय. आमी घराक इलो आणि इचार केलो. एकीन खरी खावची आणि शेजारणीन खोटी, ह्या काय बरा दिसता? म्हणान सगळ्या बाटल्यो ह्या डब्यात वतलंव. डबो हालवलंव. आणि सारख्यो वाटून घेतलंव."

"दर महिन्याला?" विद्याधरने विचारलं.

"तर! आणि तपासणीच्या आदल्या दिशी उरलेल्योपण एकत्र करतंव नि सारख्यो वाटतंव. ही राधा विसराळू. तिच्या बाटलीत वीस उरतत. मग माधुरी वरडतली तिका. सगळ्यांच्यो सारख्योच असल्यो म्हणजे कोण कोणाक वरडतला?"

राधा दारात उभी होती, ती लाजून हसली. "आणि वाटून ज्या उरतात त्या डब्यात राहतात," तिने पाच गोळ्यांचाही खुलासा केला.

माधुरी कपाळाला हात लावून बसली होती. विद्याधर डब्याकडे बघत राहिला. डबा हलवून वाटलं म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला साधारण अर्ध्या खऱ्या, अर्ध्या खोट्या गोळ्या. संगणकाने टाकलेल्या चिठ्ठ्यांचा ह्या बायकांनी पाण्याच्या हंड्यासारखा हिशेब लावला होता. त्या खऱ्या गटातही नव्हत्या आणि खोट्या गटातही नव्हत्या. त्यांनी आपला तिसराच गट काढला होता, आणि विद्याधरच्या कागदात त्याला जागाच नव्हती.

"अहो, पण अशाने गोळी चांगली की वाईट ते कळणार कसं?" तो शेवटी म्हणाला.

"ता तुमका कळाक होया," शेवंती शांतपणे म्हणाली. "आमका गुडघो थांबाक होयो."

"मग थांबला का?"

"माका बरा वाटता. आधी नळार उतराक जमत नाय होता. आता जातंय, बघितलात ना तुमी? राधाक काय फरक नाय. शांताबाईक थोडोसो." तिने चहाचा कप त्याच्या हातात दिला. "आमी काय चोरी करूक नाय साहेबा. नशिबान एकीच्या नळाक पाणी इला म्हणान शेजारणीन कोरडो हंडो घेवन बसाचा काय?"

उतरताना माधुरी पन्नासाव्या पायरीपाशी थांबून म्हणाली, "बाकीच्या ठिकाणी 'गोळी मिळेल, सही करा' म्हणतात, झालं. मी एकेकीला चाळीस मिनिटं समजावलं. त्याचं हे फळ."

"समजावलंत ते बरोबरच केलंत," विद्याधर म्हणाला. "पण एकाच गल्लीतल्या अकराजणी कशाला घेतल्या?"

माधुरीने वळून त्याच्याकडे पाहिलं. त्यात राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं.

"तुमचंच पत्र होतं ना, सर."

होतं खरं. सात महिन्यांपूर्वी भरती एकशे तेरावर अडकली होती, प्रीतम रोज डोकं खात होता, आणि पाचही हॉस्पिटलांनी विचारलं होतं की आलेल्या रुग्णांच्या ओळखीपाळखीतून माणसं आणली तर चालतील का. विद्याधरने जेवायला जाता जाता उत्तर टाकलं होतं: 'चालेल. त्याने गणितात काही फरक पडत नाही.' एकच ओळ. त्या ओळीनंतर उरलेले एक्क्याण्णव रुग्ण दोन महिन्यांत भरले होते आणि प्रीतमने सगळ्यांना पेढे वाटले होते. विद्याधरनेही एक खाल्ला होता.

ऑफिसात येऊन त्याने बाकीच्या हॉस्पिटलांचे गोळ्यांचे आकडे काढले. तिथल्या कोऑर्डिनेटरांना फोन केला, तर मुलुंडला एका कॉलनीतले नऊजण होते. उरलेल्या गोळ्या पाच, पाच, सहा, पाच, पाच, पुढेही तसंच. बोरिवलीला एका भजनी मंडळातल्या सातजणी. त्यांच्याही आकड्यांत तोच शहाणपणा. असल्फ्याइतकं चोख नव्हतं, पण वास तोच होता. पुरावा म्हणावा तर पुरावा नाही, आणि नाही म्हणावं तर रात्रीची झोप जाणार. जिथे जिथे गोळ्या वाटून खाल्ल्या तिथे दोन गटांतला फरक पुसला गेलेला. दहा गुणांचा फरक पाचावर आला असेल तर दोनशे चार माणसं कुठेच पुरत नव्हती. आठशे सोळा हवी होती.

दोन ओळींचा मसुदा अजून तसाच होता. 'नोंदी बनावट वाटतात.' एक बटण दाबलं की एकशे त्र्याण्णव माणसं, पूर्ण झालेली चाचणी आणि जूनमध्ये नवा करार. कुणी डबा उघडून बघणार नव्हतं. विद्याधर फार दमला होता. खोटं लिहायची त्याला भीती वाटत नव्हती. कंटाळा आला होता तो खरं लिहायचाच. खऱ्याला चार पानं लागतात, त्यावर चाळीस प्रश्न येतात, आणि प्रत्येक उत्तराखाली आपली सही लागते. पण त्याला ती बाई आठवली, शेवटच्या खुर्चीवर बसून लिहून घेणारी. 'एकीच्या आठ लिहायला हव्या होत्या का?' तिने आठ लिहिल्या असत्या तर ती सुटली असती. नऊ, सात, पाच असे वेंधळे आकडे टाकले असते तर विद्याधरनेच ते बघून समाधानाने चहा प्यायला असता. तिने खरं लिहिलं म्हणून ती अडकली होती, आणि ह्या विचाराने त्याला स्वतःची लाज वाटली.

त्याने दोन ओळी पुसल्या आणि चार पानं लिहिली. पहिल्याच पानाला स्वतःचं ते एका ओळीचं पत्र जोडलं. तळाची 'स्वतंत्र आहे' ही ओळ चुकीची होती आणि ती आपण न तपासता घातली, असंही लिहिलं. आपण रुग्णांच्या घरी गेलो, हा नियमभंगही लिहिला. वाचून न बघता पाठवून टाकलं, नाहीतर हात मागे आला असता.

दुसऱ्या दिवशी प्रीतमने केबिनचं दार लावून घेतलं.

"सर, हे काय केलंत? मी तुम्हाला सोपं करून दिलं होतं."

"चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची होती का?"

"पण ह्यात चोर कोण आहे, सर? त्या बायका? मी?"

"माझं पत्र," विद्याधर म्हणाला.

प्रीतम खुर्चीत मागे रेलला. तो चिडला असता तर सोपं गेलं असतं. पण तोही दमलेलाच दिसला. "कंपनी काय करणार, माहितीये ना?"

"हो."

कंपनीने महिनाभर विचार केला आणि जे करायचं तेच केलं. गोळ्या ताबडतोब थांबवायला सांगितल्या, चाचणी बंद केली. आठशे सोळा माणसं, तीही एका वस्तीतून एकच, असं नव्याने करायचं म्हटलं तर आणखी तीन वर्षं; त्यापेक्षा दुसऱ्या गोळीकडे वळलेलं बरं, असं त्यांनी गोड शब्दांत कळवलं. विद्याधरचा करार जूनला संपतो आणि पुढे वाढणार नाही, हेही गोड शब्दांतच. माधुरीवर ठपका नव्हता. अहवालात तिच्याविषयी एक वाक्य होतं, 'नोंदी अचूक आहेत', आणि त्या वाक्यावर तिला मुलुंडच्या हॉस्पिटलात नवं काम मिळालं. फोनवर ती म्हणाली, "सर, थँक्यू म्हणायचं होतं, पण तुमचंच काम गेलं त्यात." विद्याधर म्हणाला, "वय झालंच होतं माझं."

डोंगरावरच्या गोळ्या परत आणायचं काम तेवढं उरलं होतं. ते विद्याधरचं नव्हे, पण तो माधुरीबरोबर गेला. चाचणी बंद का झाली हे त्या बायकांना आपण स्वतः सांगायला हवं, असं त्याला वाटत होतं. गोळ्या थांबून तेव्हा पाच आठवडे झाले होते.

ह्या वेळी नळापाशी शेवंती नव्हती. माधुरीने खालून हाक मारली, तर वरून आवाज आला, "वर येवा!"

ती दाराच्या उंबऱ्यावर पाय लांब करून बसली होती. डबा शेजारी तयार होता. अकराही बाटल्या त्यात रित्या केलेल्या. माधुरीने गोळ्या पिशवीत मोजून भरल्या. विद्याधरने जमेल तेवढं समजावून सांगितलं. शेवंतीने सगळं ऐकलं आणि शेवटी एकच प्रश्न विचारला.

"मग गोळी बरी होती काय नाय?"

विद्याधरने तिच्याकडे पाहिलं. "माहीत नाही, काकी."

"माहीत नाय? दोनशे माणसा, तीन-चार महिने, आणि तुमका माहीत नाय?"

"नाही."

ती विचारात पडली. मग तिला कीव आली असावी. "मग परत करा. आमी येतंव की."

"आता आठशे लागतील, काकी."

"आठशे ना? ह्या एका डोंगरार गावतत."

"तशा नाही चालणार." विद्याधरला पुढचं वाक्य जड गेलं. "एकमेकींना न ओळखणाऱ्या हव्यात. शेजारच्या नकोत, नात्यातल्या नकोत. एकीच्या गोळीशी दुसरीचा काही संबंध नको."

शेवंतीने रिकामा डबा मांडीवर घेतला आणि पदराने आतून पुसायला लागली. "तशी माणसा खंय गावतली ओ?" ती म्हणाली. ती टोमणा मारत नव्हती, खरंच विचारत होती.

खालून हंड्यांचा आवाज यायला लागला. माधुरी उठली. "काकी, पाणी आलं वाटतं. येताय ना?"

"नाय गो. आता उतराक जमत नाय माका. राधा हाडता माझे दोन हंडे."

विद्याधर चपला घालता घालता थांबला. एका बाईच्या गुडघ्यावरून काहीही ठरत नाही. हवा असते, वय असतं, मनाचे खेळ असतात; हे त्याने तीस वर्षं लोकांना शिकवलं होतं आणि ते आजही तितकंच खरं होतं. तरी त्याच्या तोंडून प्रश्न गेलाच.

"कधीपासून जमत नाही?"

"गोळी बंद झाली, तेच्या पंधरा दिसांनी."

त्याने मान हलवली. हे लिहून ठेवायला आता कुठलाच कागद नव्हता. त्याने शेवंतीला नमस्कार केला आणि भिंतीचा आधार घेत पायऱ्या उतरायला लागला. सत्तराव्या पायरीवर राधा भेटली, वर येत होती. डोक्यावर एक हंडा, कमरेवर एक, दोन्ही शेवंतीचे. तिचाही गुडघा दुखतच होता. दर पायरीला ती थांबत होती, दम घेत होती आणि पुढचा पाय उचलत होती. तिला वाट द्यायला विद्याधर भिंतीला चिकटून उभा राहिला.